पेन्शनीतले सोबती : चवदार तळ्याच्या आधीची एक पिढी

१/
२० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये हजारो माणसे रांगेने, घोषणांनिशी पण शिस्त न मोडता चवदार तळ्याकडे चालत गेली. ही घटना शालेय पुस्तकात आहे. ती शिस्त कोठून आली होती, याचे उत्तर मात्र तेथे नाही. ते शोधू लागले की मुंबई लष्करातून निवृत्त होऊन कोकणात परतलेल्या महार हवालदार, जमादार आणि सुभेदारांपाशी पोहोचावे लागते. त्यांचे म्हातारपण, त्यांनी एकमेकांशी राखलेली सोबत आणि त्यांच्या आठवणींचे पुढे झालेले रूपांतर, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
प्रथम भूगोल. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, पुढे दासगावपाशी खाडीचे रूप घेते आणि बाणकोटला समुद्रास मिळते. या खोऱ्याला लष्करी पेशा नवा नव्हता. तानाजी मालुसरे यांची समाधी पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे आहे. रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. खडकाळ जमीन, अपुरी शेती आणि मुंबईकडे जाणारी जलवाट यांमुळे येथील तरुणास घर चालवण्यासाठी घर सोडणे भाग पडे. कोणी गिरणीत गेले, कोणी गोदीत, आणि पुष्कळजण पलटणीत.

३/
१७५६ च्या तहाने बाणकोटचा किल्ला आणि दासगावसह काही गावे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पेशवाई संपण्याच्या साठ वर्षे आधीच कंपनीचा पाय या खाडीत रोवला गेला होता. मुंबई लष्करासाठी माणसे मिळवण्याचे कोकण हे मोठे क्षेत्र झाले. त्या लष्करात ‘मरीन बटालियन’ नावाची एक पलटणही होती. तिचे शिपाई कंपनीच्या लढाऊ जहाजांवर नेमले जात. कोकणी माणसाची समुद्र आणि बंदूक यांच्याशी एकाच वेळी गाठ पडली ती अशी.

४/
मुंबई लष्कराची एक रीत येथे समजून घेतली पाहिजे. बंगालच्या लष्करात उच्च जातींच्या भरतीस प्राधान्य असे. मुंबईच्या पलटणींत निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच तुकडीत उभे राहत. बढती मुख्यतः सेवेवर अवलंबून असे. परिणामी महार सुभेदाराच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई काम करत. गावात ज्याची सावली टाळली जाई, त्याच्या हुकमावर परेडच्या मैदानात पाय उचलले जात. हा अनुभव एकदा घेतलेल्या माणसाला गावकुसाबाहेरच्या जगण्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे शक्य नव्हते.

५/
दुसरी गोष्ट शाळेची. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण घ्यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे याचा उल्लेख आवर्जून केला आहे. या शिक्षणात मुलीही होत्या. त्यांचे वडील रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कुलात शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत ते १४ वर्षे मुख्याध्यापक होते. गावातील शाळेचे दार ज्यांना बंद, त्यांना पलटणीने पाटी, पुस्तक आणि वर्गसोबती दिले. पेन्शनरांच्या पिढीत पत्र लिहिणारी, वर्तमानपत्र वाचणारी, अर्जाचा मसुदा करणारी माणसे निघाली, त्याचे मूळ या वर्गांत आहे.

६/
निवृत्तीनंतर यांतील अनेकजण दापोलीच्या आसऱ्याला आले. दापोली हे दक्षिण कोकणातील लष्करी ठाणे. ‘कॅम्प दापोली’ हे नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे. १८४० मध्ये तेथील नियमित फौज हलवली गेली. वयस्क शिपायांची पलटण मात्र १८५७ पर्यंत राहिली. ठाणे उठले तरी वस्ती राहिली. पेन्शनीवर जगणारी, सनदा आणि पदके जपणारी, पलटणीच्या क्रमांकाने एकमेकांस ओळखणारी कुटुंबे येथे नांदू लागली. रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ सहकुटुंब येथेच राहिले.

७/
येथे एक खुलासा. रामजी सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, म्हणजे जुन्या लेखनातील ‘अंबवडे’, मंडणगड तालुक्यात आहे. महाड तालुक्यात आणखी एक अंबवडे आहे. तेथील घरोघरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात गेल्यामुळे ते ‘फौजी अंबवडे’ म्हणून प्रसिद्ध झाले. दोन्ही गावांची नेहमी गल्लत होते. गावे वेगळी, इतिहासही वेगळा. परंतु पलटण, पेन्शन आणि परतलेला म्हातारा शिपाई हा धागा दोहोंतून गेलेला आहे.

८/
या पिढीतील सर्वांत महत्त्वाचे नाव गोपाळबाबा वलंगकर यांचे. गाव महाडजवळचे रावढळ. १८८६ मध्ये ते हवालदार म्हणून लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीस राहू लागले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. उरलेले आयुष्य पेन्शनीवर शांतपणे काढणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेला आधार काय, असा जाब विचारणारे प्रश्न तिच्यात समाजातील धुरिणांपुढे ठेवले होते.

९/
वलंगकरांनी ‘अनार्य दोष परिहार मंडळी’ ही संस्था उभारली. तिच्यामागे मुख्यतः निवृत्त सैनिकांचे वर्तुळ होते. हे महत्त्वाचे आहे. गावात राहणारा महार वतनाच्या कामांनी बांधलेला होता. पाटील, कुलकर्णी आणि सावकार यांच्या मर्जीबाहेर जाणे त्याला परवडत नसे. पेन्शनराचे तसे नव्हते. त्याचे उत्पन्न गावाकडून येत नव्हते, सरकारी खजिन्यातून येत होते. अस्पृश्य समाजातील पहिली संघटित हालचाल कोकणात निवृत्त सैनिकांकडून व्हावी, यामागे हे साधे आर्थिक कारण आहे.

१०/
या वृद्धांच्या बोलण्यात रणांगणाइतकीच, किंबहुना अधिक, नातवंडांच्या शाळेची चिंता होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे म्हणून पेन्शनरांनी अर्जविनंत्या केल्या. प्रवेशाचा प्रश्न पडवीपाशी येऊन अडला : मुले आली, पण त्यांनी वर्गात न बसता पडवीत बसावे. बाप-आजोबांनी पलटणीच्या शाळेत इतरांसह धडे घेतले होते. नातवाला मात्र भिंतीपलीकडून ऐकावे लागणार होते. एका कुटुंबाने मिळवलेले पुढच्या पिढीत असे डोळ्यांदेखत निसटू लागले.

११/
त्याच सुमारास त्याहून मोठा आघात झाला. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जमाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या लढण्यास अयोग्य, या ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांताचे ते पुरस्कर्ते. १८९२ च्या सुमारास पलटणींची रचना जातवार करण्यात आली. मिश्र तुकड्यांची जुनी मुंबई-पद्धत मोडली आणि महारांची भरती थांबली. ज्यांनी तीन पिढ्या शिपाईगिरी केली, त्यांना एका फर्मानाने ‘लढाऊ नव्हे’ असे ठरवले गेले.

१२/
याचा अर्थ आकडेमोडीपलीकडचा होता. भरती बंद म्हणजे पगार बंद, लष्करी शाळा बंद, बढती बंद आणि वीस-पंचवीस वर्षांनी पेन्शनही बंद. वृद्ध सोबत्यांपैकी एकेक जण जात राहणार आणि त्याची जागा घेणारा कोणीच परतणार नाही. एखाद्या वर्गात नवे विद्यार्थी येणेच थांबावे आणि जुने एकेक करून निघून जावेत, तशी ही स्थिती होती. आपण या मालिकेतील अखेरचे आहोत, हे त्या पेन्शनरांना कळून चुकले.

१३/
म्हणून आठवणींनी अर्जाचे रूप घेतले. १८९४ मध्ये वलंगकरांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक विस्तृत अर्ज तयार केला. महार पूर्वीचे क्षत्रिय आहेत, त्यांनी सरकारची सेवा निष्ठेने केली आहे, त्यांना पुन्हा सैन्यात घ्यावे, असा त्याचा आशय. आज वाचताना त्यातील क्षत्रियत्वाचा दावा आणि राजनिष्ठेचा सूर खटकू शकतो. परंतु सरकार जातीच्या भाषेतच बोलत असताना अर्जदाराने त्याच भाषेत उत्तर शोधले, हे ध्यानात घेतले पाहिजे. धोरण मात्र बदलले नाही.

१४/
१८९५ मध्ये वलंगकरांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक अस्पृश्य माणूस आपल्यासह बैठकीत बसणार, हे इतर सभासदांना मानवले नाही, विरोध झाला. ज्याने लष्करात हवालदारकी केली, त्याच्या खुर्चीचा प्रश्न तालुक्याच्या गावी अडून बसला. १९०० मध्ये वलंगकर निवर्तले. ज्या महाडमध्ये त्यांच्या बसण्यावर वाद झाला, त्याच महाडमध्ये २७ वर्षांनी पाणी पिण्यावर संघर्ष व्हायचा होता.

१५/
अर्जांची परंपरा येथे थांबली नाही. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महारांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. सैन्य आणि पोलीस खात्यातील नोकऱ्यांची मागणी त्यात होती. दार उघडले ते न्यायबुद्धीने नव्हे, गरजेने. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासताच जून १९१७ मध्ये बेळगावला ‘१११ महार’ ही पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज संपली. १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. एकाच समाजाला सैन्याने दुसऱ्यांदा घरी पाठवले.

१६/
या दुसऱ्या परतीमुळे महाडच्या खोऱ्यात दोन पिढ्यांचे निवृत्त सैनिक एकत्र आले. एक, जुन्या मुंबई लष्करातील पांढऱ्या मिशांचे पेन्शनर. दुसरे, महायुद्धातून आलेले तरुण. त्यांच्यासोबत मुंबईत काम करणारे आणि शिकलेले नवे कार्यकर्ते होते. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे त्यांतील अग्रणी. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला; त्यांनी वर्तमानपत्राकडे पत्र लिहून दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. अर्ज आणि पत्र यांची वलंगकरी परंपरा एका मुलाच्या हाती आली होती.

१७/
कायद्याची चौकटही तयार झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारी चळवळीच्या बाजूने उभे होते. कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी पाणी घेऊ शकले नाही.

१८/
१ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकर कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी गेले. १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्या दगडावर आहेत. ‘नाक’ या अंत्याक्षरांनी ओळखू येणारी महार नावे त्यांत पुष्कळ आहेत. एके काळी कंपनी सरकारने उभारलेला हा दगड आता एका समाजाची साक्ष बनला. त्यानंतर अवघ्या ११ आठवड्यांनी, १९ मार्चला, महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली.

१९/
परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या भागाचा लष्करी भूतकाळ मुद्दाम आठवला. बालपणी आपण या प्रदेशात राहिलो, तेव्हा येथे निवृत्त अंमलदारांचा वर्ग होता, शिक्षणाची गोडी होती. सैन्यभरती बंद झाली आणि ही प्रगती खुंटली, असा त्यांचा रोख होता. मात्र ते स्मरणरंजनात थांबले नाहीत. मेलेल्या जनावराचे मांस, उष्टे अन्न आणि वतनाची लाचारी सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. जुन्या दिवसांची आठवण त्यांनी वर्तमानाची मोजपट्टी म्हणून वापरली.

२०/
दुसऱ्या दिवशी तळ्यावर पाणी प्यायले गेले. त्यानंतर देवळात शिरणार असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला झाला. अनेकजण जखमी झाले. जमावात महायुद्ध पाहिलेले माजी सैनिक होते. प्रतिकार करण्याची ताकद आणि सराव त्यांच्यापाशी होता. आंबेडकरांनी संयमाचा आदेश दिला आणि तो पाळला गेला. सैनिकाची खरी परीक्षा हत्यार उचलण्यात असते, असे मानले जाते. महाडात ती हात आवरण्यात झाली.

२१/
डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद ठरली. मोटारवाले नेण्यास तयार नव्हते, म्हणून जुनी जलवाट कामी आली. २४ डिसेंबर १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. हरिहरेश्वरमार्गे २५ तारखेला दासगाव बंदरात उतरले. तेथून पाच मैल चालत ते महाडला पोहोचले. ज्या खाडीतून कोकणातील मुले भरतीसाठी मुंबईला जात, त्याच खाडीतून त्यांची नातवंडे नागरिक म्हणून हक्क मागायला परतली.

२२/
महाडात मंडपासाठी जागा मिळेना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी ती दिली. व्यापाऱ्यांनी माल नाकारल्याने शिधा बाहेरून आणावा लागला. हजारो माणसांचे जेवण, निवास आणि शिस्त सांभाळण्याच्या कामी सुभेदार घाटगे यांच्यासारखी लष्करात मुरलेली माणसे होती. मोठी छावणी कशी चालवतात, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. २५ तारखेच्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने तळ्यावरील कृती मात्र स्थगित ठेवण्यात आली.

२३/
तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. सैन्याचे दार उघडण्यास त्याहून अधिक काळ लागला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १८९४ च्या अर्जाला उत्तर मिळायला ४७ वर्षे लागली. तो अर्ज लिहिणारा हवालदार तोवर ४१ वर्षांपूर्वी मरण पावला होता.

२४/
या कथेत दोन टप्पे स्पष्ट दिसतात. वलंगकरांची पिढी म्हणत होती : आम्ही सेवा केली, म्हणून आम्हांला जागा द्या. १९२७ ची पिढी म्हणाली : आम्ही माणसे आहोत, म्हणून हे पाणी आमचे आहे. पहिल्या वाक्यातला आधार पूर्वीच्या चाकरीचा, दुसऱ्यातला जन्मसिद्ध हक्काचा. पण पहिल्या पिढीने लिहिणे, संघटित होणे आणि नकारानंतर पुन्हा अर्ज करणे ही सवय लावली नसती, तर दुसऱ्या पिढीला उभे राहण्यासाठी इतकी पक्की जमीन मिळाली नसती.

२५/
निवृत्त सोबत्यांचे एकत्र बसणे बहुधा निरुपद्रवी समजले जाते : कोण गेला, कोणाचे पोर काय करते, कोणत्या मोहिमेत काय घडले. दापोली-महाडच्या पेन्शनरांनी याच गप्पांतून एक हिशेब मांडला. आपण काय होतो, आपली मुले काय होत आहेत आणि या दोहोंतील तफावतीला जबाबदार कोण? महाडला जाणाऱ्याने चवदार तळे अवश्य पाहावे. जमल्यास दासगावचे बंदर आणि रावढळ ही गावेही पाहावीत. तळ्यापर्यंतची वाट तेथून आलेली आहे.

(धागा समाप्त)